वेळूचे धनुष्य : विद्या आणि विवेक

(बुरूड समाजाच्या वार्षिक मेळाव्यात कळमना, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मी धनुष्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. या आज्ञेमागे एक निमित्त घडले. आपल्या तरुण मंडळींपैकी काहींनी मंडळाकडे असा अर्ज केला की, घरच्या घरी क्रॉसबो कसा तयार करावा याचे एक शिबिर समाजाने भरवावे. त्याच अर्जाच्या शेवटी, तयार झालेले हत्यार घेऊन रानात ससा-तितराची शिकार करण्याची इच्छाही मोकळेपणाने नमूद केली होती. अर्ज वाचून काही वडील मंडळी रागावली, काहींनी तो हसण्यावारी नेला. माझ्या मते तो रागावण्याजोगाही नाही व हसण्याजोगाही नाही. त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. आपल्या हातांनी काही घडवावे ही एक, आणि घडविलेल्या वस्तूने प्राण घ्यावा ही दुसरी. पहिलीला समाजाने दोन्ही हातांनी आधार द्यावा. दुसरीला स्पष्ट शब्दांत नकार द्यावा. ही गाठ सोडविणे एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. क्रॉसबोला आपण खटक्याचे धनुष्य म्हणू. एका लाकडी दांड्याच्या टोकाशी आखूड पण अतिशय ताठ धनुष्य आडवे बसविलेले असते. दोरी मागे ओढून खटक्यात अडकवावयाची, दांड्यावरील खोबणीत बाण ठेवावयाचा, आणि नेम धरून खटका दाबावयाचा. ही युक्ती फार जुनी आहे. 1974 साली चीनमध्ये शिआन शहराजवळ सम्राटाच्या समाधीपाशी मातीच्या सैनिकांचे जे प्रचंड सैन्य जमिनीखाली सापडले, त्यात अशा धनुष्यांचे कांशाचे खटके मिळाले. ते बावीसशे वर्षांपूर्वीचे आहेत. युरोपात या शस्त्राचा एवढा धाक होता की 1139 साली रोम येथे भरलेल्या धर्मसभेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध ते वापरण्यास बंदी केली. अर्थात त्या बंदीला लढणाऱ्यांनी फारशी दाद दिली नाही. आपल्या देशात निकोबार बेटांतील रहिवासी आणि अरुणाचलातील लिसू लोक यांच्यात खटक्याच्या धनुष्याची परंपरा आहे. परंतु आपल्याकडे सातपुड्यातील भिल्ल काय किंवा गडचिरोलीच्या अरण्यातील माडिया-गोंड काय, यांच्या हाती दिसते ते साधे, लांब, हाताने ओढावयाचे धनुष्य. मराठीत त्याला कमठा हा शब्द आहे, आणि बाणासह त्याचा तिरकमठा होतो.

या दोन धनुष्यांत भेद कोणता? साधे धनुष्य ओढून धरण्याचा ताण धनुर्धराच्या दंडाने आणि पाठीने सोसावा लागतो. तो ताण क्षणभरच सोसवतो. म्हणून त्याला मन स्थिर करावे लागते, श्वास आवरावा लागतो, आणि वर्षानुवर्षे सराव करावा लागतो. खटक्याच्या धनुष्यात तो सारा ताण यंत्र सोसते. ओढणारा एक असेल, दाबणारा दुसराच असेल. एकदा दोरी चढवून कोपऱ्यात ठेवलेले ते धनुष्य तासभर तसेच वाट पाहत राहते, आणि घरातील पाच वर्षांच्या मुलाचे बोटसुद्धा त्याला पुरते. ज्या शस्त्रासाठी साधना लागत नाही, ते कोणाच्याही हाती तितकेच घातक ठरते.

कारागिराच्या दृष्टीनेही एक अडचण आहे. बाणाला मिळणारी शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : दोरी किती अंतर ओढली आणि ती ओढण्यास किती जोर लागला. लांब धनुष्याची दोरी पार गालापर्यंत येते. खटक्याच्या आखूड धनुष्याची दोरी वीतभर किंवा थोडी अधिक सरकते. म्हणजे तीच शक्ती हवी असेल तर आखूड धनुष्य कितीतरी पटींनी ताठ करावे लागते. घरगुती सामानावर एवढा ताण आला की बांबू पेराशी उभा फाटतो, दोरी तुटून चेहऱ्यावर येते, किंवा झिजलेला खटका आपोआप सुटतो. कळमन्यासारख्या दाट वस्तीत, जिथे बाजाराकडे जाणाऱ्या हातगाड्या आणि शाळेकडे जाणारी मुले एकाच रस्त्याने चालतात, तिथे सुटलेला बाण कोणाच्या दारी जाईल याचा भरवसा कोणी द्यावा?

यास्तव माझे तरुणांना सांगणे असे की, धनुष्यच करावयाचे असेल तर साधे धनुष्य करा. आणि ते करण्यास तुमच्याइतका अधिकारी दुसरा कोण आहे? आपण बुरूड. वेळू ही आपली पिढीजात विद्या. बाराव्या शतकात कल्याण नगरीत बांबूकाम करीत असतानाच ज्यांनी शिवभक्तीचा मार्ग चोखाळला, ते मेदार केतय्या आपल्याच व्यवसायाचे. सूप, टोपली, तट्टा, पाळणा आणि अखेरची तिरडी, माणसाच्या आयुष्यातला एकही टप्पा आपल्या हातच्या कामावाचून पार पडत नसे.

धनुष्याला वेळूच का, याचे उत्तर तुमच्या कोयत्याला ठाऊक आहे. बांबू चिरताना बाहेरच्या हिरव्या सालीकडे तंतू दाट आणि चिवट लागतात, आत जावे तसे ते विरळ व भुसभुशीत होतात. धनुष्य वाकले की त्याची बाहेरची, म्हणजे लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू दाबली जाते. म्हणून सालीची बाजू लक्ष्याकडे ठेवावयाची आणि तिला पात्याचा स्पर्शही होऊ द्यावयाचा नाही. जे काही तासावयाचे ते आतल्या अंगाने. आपल्या जंगलांतील मानवेल हा जवळजवळ भरीव असतो, त्याची पेरे जाड असतात. काटस त्याहून मोठा पण पोकळ. धनुष्याला जाड भिंतीचा, तीन वर्षे तरी वाढलेला वेळू घ्यावा. कोवळा कोंब वाकतो पण परत उभारी धरीत नाही. पावसाळा संपून थंडी पडल्यावर तोडलेल्या बांबूत पिठूळ अंश कमी असतो, त्यामुळे त्याला भुंगा कमी लागतो. तोडल्यावर सावलीत सावकाश वाळवावा; उन्हात घाई केली की तो तडकतो.

पट्टी साधारणतः उभ्या माणसाच्या उंचीची घ्यावी. मध्ये मुठीची जागा जाड राखून दोन्ही टोकांकडे निमुळती करीत न्यावी. मग खरे कौशल्य सुरू होते. धनुष्य मुठीशी भिंतीवर टेकवून दोरी थोडी थोडी ओढावी, आणि दुसऱ्याने दूर उभे राहून दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते पाहावे. जी बाजू ताठ दिसेल तिच्या आतल्या अंगाचा केसभर कीस काढावा, पुन्हा ओढावे, पुन्हा पाहावे. या कामात उतावळेपणा चालत नाही, कारण काढलेला कीस परत लावता येत नाही. आणि एक नियम कायमचा : बाण लावल्याशिवाय ओढलेली दोरी कधी सोडू नये. बाणाला द्यावयाची शक्ती मग धनुष्यालाच सोसावी लागते आणि ते मोडते. ज्याच्या हाताला सुपाची कड बांधण्याची सवय आहे, त्याला हे सारे एका हिवाळ्यात साधेल.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळतो. शिकार का नको? कोणी म्हणेल, आपले पूर्वज रानातच वावरले, त्यांनी शिकार केलीच असेल. खरे आहे. परंतु त्यांच्या काळी रान अफाट होते आणि पोटाला दुसरा आधार थोडा होता. आज आपल्या नागपूरच्या भोवताली पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा ही अभयारण्ये व उद्याने आहेत, आणि त्यांच्यामध्ये शेते, रस्ते, वसाहती पसरल्या आहेत. उरलेले रान म्हणजे घरातील शेवटची कणगी होय. त्यात हात घालण्यापूर्वी शंभरदा विचार करावयास हवा.

शिवाय कायदा आहे, आणि तो कुटुंबप्रमुखांनी नीट समजून घ्यावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 साली झाला. त्यातील शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीच्या शेजारीच धनुष्यबाण, जाळे, फास आणि विष यांची नावे आहेत. म्हणजे ‘आम्ही कुठे बंदूक नेली होती?’ ही सबब तेथे चालत नाही. शिकारीच्या व्याख्येत प्राणी मारणेच नव्हे, तर पकडणे, हाकणे, आमिष दाखविणे आणि यातील प्रत्येक प्रयत्नही येतो. नेम चुकला म्हणून गुन्हा चुकत नाही. परवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र घेऊन जाण्यालाही मनाई आहे. गुन्ह्यात वापरलेले हत्यार आणि वाहन सरकारजमा होते. विशेष संरक्षित प्राण्याच्या शिकारीला तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. बापाने हप्त्यावर घेतलेली दुचाकी आणि मुलाच्या उमेदीची वर्षे एका सशापायी घालविणे यात पुरुषार्थ कसला?

खेड्यात शेती असलेले बांधव म्हणतील, रानडुक्कर आणि नीलगाय उभे पीक रात्रीत आडवे करतात, त्याचे काय? त्यांचे दुःख खोटे नाही. परंतु त्याचा मार्ग रात्री चोरून सोडलेला बाण हा नव्हे. नुकसानीची भरपाई मागता येते. पिकांना उपद्रव देणाऱ्या प्राण्याविषयी परवानगी देण्याचा अधिकारही कायद्याने अधिकाऱ्यांना दिला आहे. अशा वेळी अर्ज लिहिणे, पंचनामा करवून घेणे, पाठपुरावा करणे यांत आपल्या शिकलेल्या तरुणांनी गावाकडच्या मंडळींना साहाय्य केले, तर ती खरी समाजसेवा होईल. लागलेला बाण घेऊन पळालेले जनावर झुडपात दोन दिवस तडफडत मरते, हेही विसरू नये.

मग धनुष्य करून करावयाचे काय? बंधूंनो, धनुष्याला आज रानापेक्षा मोठे मैदान खुले आहे. आपल्याच नागपूरच्या ओजस देवतळे या तरुणाने ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले. अंतिम सामन्यात त्याने 150 पैकी 150 गुण घेतले. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी अवघ्या 17 व्या वर्षी महिलांची जगज्जेती झाली. त्यांची धनुष्ये यांत्रिक आणि महागडी आहेत हे खरे. परंतु आपल्या देशातील स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा एक प्रकार आहे. तो बांबूच्याच धनुष्याने खेळतात, आणि 50 व 30 मीटरांवरून नेम साधतात. राजस्थानच्या आदिवासी घरातला लिंबा राम बांबूचे धनुष्य हाताळीत वाढला आणि 1988 साली सोल ऑलिंपिकपर्यंत पोचला. म्हणजे वेळूच्या धनुष्यापासून जगाच्या मैदानापर्यंत वाट आहे. त्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला चांगले धनुष्य लागेल. ते कोणी बनवावे?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, तो आपल्या चुलीचा आहे. या कळमन्याच्या बाजारात संत्री आणि भाजीपाला प्लास्टिकच्या क्रेटांतून येताना आपण पाहतो. बांबूच्या टोपलीची जागा त्यांनी घेतली आणि तिच्याबरोबर कित्येक घरांचा रोजगार गेला. दुसरीकडे, बांबूवरील जुनी बंधने सैल झाली आहेत. वनस्पतिशास्त्र बांबूला गवताच्या कुळात बसविते. 1927 च्या वन कायद्याने मात्र त्याची गणना वृक्षांत केली होती. नव्वद वर्षांनी, 2017 साली, ती गणना रद्द झाली आणि खाजगी जमिनीवरील बांबू तोडणे व नेणे सुलभ झाले. त्याआधी 2011 साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेला, वनहक्क कायद्यान्वये, आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना मिळाला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबूचे संशोधन आणि प्रशिक्षण देणारे शासकीय केंद्र उभे आहे. माल सुटला, शिकण्याची सोय झाली. उणीव आहे ती आपल्या मुलांनी पुन्हा कोयता हाती घेण्याची. क्रॉसबोसाठी अर्ज करणाऱ्या मुलांनी ती इच्छा आपण होऊन दाखविली आहे. केवळ रागावून तिला परतवून लावणे शहाणपणाचे होणार नाही.

म्हणून मंडळापुढे माझी सूचना अशी. शिबिर अवश्य भरवावे, पण साध्या बांबूच्या धनुष्याचे. वेळू निवडणे, चिरणे आणि तासणे आपल्या वृद्ध कारागिरांनी शिकवावे. त्यांना योग्य मानधन द्यावे. नेम शिकविण्यास जाणता प्रशिक्षक बोलवावा. बाणांना धारदार फाळ नसावे. लक्ष्य पेंढ्याचे असावे, त्यामागे भक्कम भिंत असावी, आणि सर्वांचे बाण संपल्याशिवाय कोणी रेषेपुढे पाऊल टाकू नये. मुलींना मुलांइतकीच जागा असावी. उत्तम धनुष्य घडविणाऱ्यास बक्षीस द्यावे आणि ते पुढील मेळाव्यात सर्वांसमोर ठेवावे. चार वर्षांत आपल्यातून दोन खेळाडू आणि दहा धनुष्यकार निघाले तरी शिबिराचा खर्च भरून आला असे मी समजेन.

ज्या हातांनी धान्य पाखडण्यासाठी सूप दिले आणि बाळ निजविण्यासाठी पाळणा दिला, त्या हातांनी धनुष्यही द्यावे. मात्र त्याचा बाण पेंढ्याच्या लक्ष्यात रुतावा, मुक्या जीवाच्या अंगात नव्हे.