जेवणानंतरची घेरी

भुकेनें माणसाला घेरी येते, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु पोटभर जेवण झालें, वर गोडधोड खाल्लें, आणि त्यानंतर दोन तासांनीं माणूस कोसळला, तर त्याचा अर्थ काय लावावा? आमच्या कुटुंबांत हा प्रकार घडला, म्हणून, श्रोतेहो, आज मी या विषयावर बोलण्याचें धाडस करीत आहें. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालों आणि पुढें तीस वर्षें शाळेंत मुलांना शिकविलें, एवढीच माझी विद्या. तेव्हां जें डोळ्यांनीं पाहिलें आणि जें डॉक्टरांनीं समजावून दिलें, तेवढेंच सांगतों.

माझी धाकटी बहीण देहानें फार स्थूल होती. गुडघे धरलेले, रक्तदाब चढलेला, मधुमेह जडलेला. २०२१ सालीं तिनें वजन उतरविण्यासाठीं जठराची शस्त्रक्रिया करून घेतली. माझें मत विरुद्ध होतें, आणि तें मीं नको तितक्या स्पष्टपणें बोलून दाखविलें होतें. पण वर्षभरांत तिचें वजन पुष्कळ उतरलें, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, ती न थांबतां जिना चढूं लागली. माझें म्हणणें खोटें ठरलें, याचा मला आनंदच झाला.

दोन वर्षांनीं माझ्या मुलाचें लग्न झालें. साडेअकराला पंगत बसली. श्रीखंड होतें, जिलबी होती. आग्रहाखातर तिनें दोन्ही घेतलें. दीडच्या सुमारास कार्यालयाच्या व्हरांड्यांत बसली असतां ती मला म्हणाली, "दादा, हें लग्न कुणाचें?" मला थट्टा वाटली. पाहतों तों अंगाला घाम सुटलेला, हात कांपताहेत, नजर हरवलेली. आणि क्षणांत ती खुर्चीवरून खालीं घसरली. कोणी कांदा हुंगविला, कोणी म्हणालें दृष्ट लागली. ती सावध होऊन बोलूं लागतांच एका बाईंनीं उंसाचा रस पाजला. दहापंधरा मिनिटांत तिला हुशारी आली. ती टिकावी म्हणून मींच दुसरा पेला दिला, आणि वर बुंदीचा एक लाडू. आणखी दीड तासानें ती पुन्हां पडली. ही दुसरी घेरी माझ्या हातची होती, हें मला मागाहून कळलें.

जठर म्हणजे नुसतें कोठार, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्याच्या खालच्या तोंडाशीं एक दार आहे, आणि तें अन्न थोडें थोडें आंतड्यांत सोडतें. शाळा सुटतांना शिपाई फाटकाची एकच फळी उघडतो, म्हणजे मुलें रांगेनें बाहेर पडतात. तसाच हा प्रकार. बायपास नांवाच्या शस्त्रक्रियेंत, जिचा प्रारंभ अमेरिकेंतील आयोवा येथें एडवर्ड मेसन या शल्यवैद्यानें १९६६ सालीं केला, जठराची सुमारें ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी वेगळी करून ती सरळ लहान आंतड्याला जोडतात. शिपाई गेला, फाटक सताड उघडें! गोड पदार्थांतली साखर एकाच लोंढ्यानें आंतड्यांत उतरते आणि तशीच रक्तांत चढते. त्याबरोबर आंतड्यांतून जीएलपी-१ नांवाचा स्राव नेहमीपेक्षां पुष्कळच अधिक सुटतो. (मधुमेहावर आणि स्थूलतेवर हल्लीं जीं नवीं इंजेक्शनें गाजत आहेत, त्यांतलीं बहुतेक याच स्रावाची नक्कल करतात.) तो स्वादुपिंडाला चेतवितो, आणि स्वादुपिंड गरजेबाहेर इन्शुलिन ओततें. साखर ओसरते, इन्शुलिन मात्र मागें उरतें. जेवणानंतर एक ते तीन तासांत रक्तांतली साखर खोल उतरते ती अशी. मेंदूचा सारा निर्वाह तिच्यावर. म्हणून आधीं घाम, कंप, धडधड, मग बुद्धीचा गोंधळ, आणि शेवटीं बेशुद्धि. जठर उभें कापून अरुंद करण्याची दुसरी शस्त्रक्रिया आहे, तिच्यानंतरहि असें होऊं शकतें.

या विकारानें फसविलें जाण्याचें कारण असें कीं, तो बहुधा शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटल्यावर डोकें वर काढतो. तोंवर माणूस शस्त्रक्रिया विसरलेला असतो. बहिणीला सहा महिने आधींपासून सकाळीं चहापोहे झाल्यावर अकराच्या सुमारास अंधारी येत असे. एका डॉक्टरांनीं अशक्तपणा म्हणून ताकदीचें औषध दिलें होतें. घरांत तिनें कोणालाच सांगितलें नाहीं. कां, म्हणून विचारलें, तर म्हणाली, "तूं म्हणाला असतास, मीं सांगत नव्हतों?" या उत्तरावर मला बोलायला तोंड उरलें नाहीं.

पुढें योग्य डॉक्टर भेटले. त्यांनीं प्रथम हें बजाविलें कीं, प्रत्येक घेरी साखरेचीच असते असें नाहीं. वजन उतरल्यावरहि रक्तदाबाच्या गोळ्या जुन्याच मापानें चालू राहिल्या, तर उठतांना भोंवळ येते. मधुमेहाचें औषध चालू असेल तर तें दोषी असूं शकतें. जेवतांच अर्ध्या तासांत पोटांत कळ येऊन धडधडलें, तर तो आणखी निराळा प्रकार. आणि उपाशीपोटीं साखर उतरत असेल, तर कारण दुसरीकडेच शोधावें लागतें. म्हणून घेरीच्या वेळींच बोटाचें रक्त यंत्रावर पाहावें. तिचा आंकडा आला ४६. ५४ च्या खालीं गेला कीं तो गंभीर समजतात.

उपाय मुख्यतः ताटांतला. दिवसांतून सहा वेळां थोडें थोडें. आधीं उसळ, अंडें किंवा पनीर, मग अर्धी भाकरी. पाणी जेवणाबरोबर नाहीं, अर्ध्या तासानें. रस, सरबत, जिलबी बंद. एकादशीची साबुदाण्याची खिचडी सोडतांना ती जितकी कष्टी झाली, तितकी शस्त्रक्रियेच्या वेळींहि झाली नव्हती. शिवाय अकार्बोज नांवाची गोळी मिळाली. ती पिष्टाचें पचन संथ करते. ही गोळी घेणाऱ्याला घेरी आल्यास घरची साखर लौकर गुण देत नाहीं, ग्लुकोजच द्यावें लागतें. तेंहि मोजकें, आणि सांवरल्यावर मूठभर दाणे, म्हणजे दुसरी घेरी टळते. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींहि ओतूं नये, कुशीवर वळवून रुग्णालय गांठावें. स्कूटरची किल्ली तिनें आपण होऊन मुलीच्या स्वाधीन केली.

गेल्या दिवाळींत जेवण संपतांना तिनें एक अनारसा उचलला, मोडून अर्ध्याहून मोठा तुकडा माझ्या ताटांत टाकला आणि उरलेला स्वतः खाल्ला. मीं घड्याळाकडे पाहिलें. तिनेंहि पाहिलें, आणि आम्ही दोघेंहि कांहीं बोललों नाहीं. दोन तासांनीं यंत्रावर ८४ आंकडा आला, तेव्हां तिनें चहाचें आधण ठेवलें. तिच्या कपांत साखर नव्हती, माझ्यांतहि नव्हती.