कावेरीच्या गाळावरची गावे

तंजावर म्हटले की मराठी मनाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांचा सरस्वती महाल आठवतो आणि बृहदीश्वराच्या मंदिरात 1803 साली कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आठवतो. त्या वैभवाविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज मी आपणांस त्याच्या पायाखालच्या मातीविषयी आणि त्या मातीवर माणसाच्या शेजारी राहणाऱ्या पशुपक्ष्यांविषयी सांगणार आहे.

उत्तर युरोपातले आणि कॅनडातले विस्तीर्ण प्रदेश हिमनद्यांनी घडविले; त्यांनी डोंगर खरवडले, सरोवरे कोरली. कावेरीच्या वाट्याला बर्फ नाही. कोडगूत तलकावेरीला उगम पावणारी ही नदी पावसावरच वाढते. तरीही तिच्या मुखाकडच्या भूमीचा जन्म त्या दूरच्या बर्फाशी निगडित आहे. हिमयुग ओसरले, बर्फाचे थर वितळले आणि जगभर समुद्र सुमारे 120 मीटर चढला. त्याची ही चढण 8000 ते 6500 वर्षांपूर्वी मंदावली, तेव्हा कुठे नद्यांनी आणलेला गाळ मुखाशी ठरू लागला. जगातील बहुतेक मोठे त्रिभुज प्रदेश त्याच काळातले आहेत.

तिरुचिरापल्लीच्या वर मुक्कोंबू येथे कावेरी दुभंगते. उत्तरेकडची कोळ्ळिडम पुराचे पाणी समुद्राला नेते. दक्षिणेकडची कावेरी श्रीरंगमच्या बेटाला वळसा घालून कल्लणैच्या प्राचीन बांधाशी येते. चोळ राजा करिकालाने तो बांधला अशी परंपरा आहे. नदीच्या वाळूतच दगड रुतवून उभारलेला हा बांध पाहून एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटनसारखा स्थापत्यविशारदही शिकला. पुढे वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी, अरसलार अशा शाखा फुटत जातात. त्यागराजांची समाधी ज्या तिरुवय्यारूला आहे, त्या गावाच्या नावातच पाच नद्या आहेत. तंजावर समुद्रसपाटीपासून 60 मीटरांहूनही कमी उंचीवर, आणि समुद्र तेथून सुमारे 80 किलोमीटर दूर. त्यामुळे येथले पाणी धावत नाही, चालते. वाटेत शेते त्याला इतकी वाटून घेतात की पूम्पुहारजवळ समुद्राला मिळणारी कावेरी पाहून, हीच का ती महानदी, असा प्रश्न पडावा.

महाराष्ट्रीयाला येथले ऋतुमान उलटे वाटते. आपल्याकडे दिवाळीचा आकाशकंदील उतरतो त्या सुमारास येथे ईशान्य मोसमी पाऊस भरात असतो. गुडघाभर चिखलात भाताची रोपे उभी असतात आणि त्यांतून बगळे व मुग्धबलाक गोगलगायी टिपत हिंडतात. कापणी झाली की बदकांचे कळप सांडलेल्या दाण्यांवर सोडतात. मेंढपाळाप्रमाणे काठी घेऊन बदके हाकणारा माणूस आपल्याकडच्या मंडळींना मोठा मौजेचा वाटेल. उंदरांसाठी बांबूच्या धनुष्याचा सापळा लावतात. त्याला तंजावरची किट्टी म्हणतात. काही शेतकरी तर शेतात आडवी काठी बांधलेले खांब रोवतात, ते रात्री गव्हाणी घुबडाला बसता यावे म्हणून. घुबडाला अशुभ मानणाऱ्या आपल्या देशात हे पाहून मला फार समाधान वाटले.

दक्षिणेकडे जावे तसतशी भातशेती विरळ होते आणि माती खारावते. मुत्तुपेट्टै येथे पामिणियार, कोरैयार अशा लहान शाखा खाजणात शिरतात. तेथे आपल्या कोकणातल्यासारखी तिवरांची राई आहे. तेथून वेदारण्यमच्या दलदलीतून पूर्वेस गेले की कोडियक्करैचे भूशिर लागते. याच वेदारण्यमला 1930 साली राजगोपालाचारींनी मिठाचा सत्याग्रह केला. तेथल्या शुष्क सदाहरित रानात खिरणीची झाडे आहेत आणि बाहेरच्या खारट गवतावर काळवीट चरतात. त्यांच्यासाठी 1967 साली अभयारण्य झाले. हिवाळ्यात उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि त्यांच्या पायांशी चिमणीएवढे टिलवे चिखल टोचीत असतात. हे इवले जीव सैबेरियाच्या टंड्रातून येतात. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथे पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढला आहे.

पण हे सगळे वैभव नदीच्या शेवटच्या घोटावर उभे आहे, आणि तो घोट आटत चालला आहे. 1934 साली मेट्टूरचे धरण पुरे झाले. त्याने शेतीला आधार दिला, हे खरेच. कोणी शेतकरी ते नको म्हणणार नाही. परंतु ज्या गाळाने ही भूमी रचली, तो आता बराचसा धरणामागेच बसतो. गोडे पाणी खाजणात कमी पोचले की मीठ वाढते, आणि मग तेथे खारटपणा सोसणारे तिवरच तेवढे तग धरते. काळवीटांच्या कुरणात वेडी बाभूळ शिरली आहे. तिच्या काटेरी जाळीत मोकळ्यावर धावणाऱ्या या प्राण्याने जावे कोठे? त्यात 2018 च्या नोव्हेंबरात गज नावाचे चक्रीवादळ वेदारण्यमच्या किनाऱ्यावर आदळले. कोडियक्करैची झाडे उन्मळली, काही काळवीट पाण्याने वाहून नेले, आणि आतल्या गावांतल्या नारळीच्या बागा जमीनदोस्त झाल्या. नारळ पुन्हा लावला तरी फळ धरायला काही वर्षे जातात. शेतकऱ्याच्या घरात ती वर्षे फार लांब असतात.

या किनाऱ्यावर सरभेंद्रराजपट्टिणम् येथे सरफोजीराजांनी 1814 च्या सुमारास एक उंच, मजल्यांवर मजले असलेली इमारत बांधली. नेपोलियनविरुद्ध इंग्रजांना मिळालेल्या विजयाचे ते स्मारक. निमित्त आपल्याला रुचो न रुचो, तिचे नाव मात्र आजही 'मनोरा' असेच आहे, आणि तमिळ कोळीही तोच शब्द उच्चारतात. समोरच्या उथळ समुद्रात पाण्याखाली गवताची कुरणे आहेत. त्यांवर ड्युगाँग, म्हणजे समुद्रगाय, चरते. तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा 448 चौरस किलोमीटर समुद्र 2022 साली तिच्यासाठी राखून ठेवण्यात आला. मनोऱ्याखाली उभा राहून मी बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत होतो. समुद्रगाय काही दिसली नाही. ती श्वास घ्यायला क्षणभरच वर येते; दोन होड्या मात्र जाळी ओढीत किनाऱ्याकडे परतत होत्या.