देऊळ, जमीन आणि राजसत्ता : तिरुवलंचुळीच्या निमित्ताने

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मध्ययुगातील धर्म आणि सत्ता यांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम युरोप उभा राहतो. १०७७ च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात उभा राहून पोप सातव्या ग्रेगरीची क्षमा मागतो, हे चित्र पाठ्यपुस्तकांनी आपल्या मनावर कोरले आहे. परंतु पोप मोठा की राजा मोठा, हा वाद वरच्या दोन सत्ताधाऱ्यांमधला होता. ज्या भूदासाच्या श्रमावर किल्ला आणि चर्च दोन्ही उभे होते, त्याच्या दृष्टीने या भांडणाच्या निकालाने फारसे काही बदलणार नव्हते. उत्पन्नाचा दहावा हिस्सा त्याला चर्चला द्यावाच लागे. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने जमिनीची मोजदाद केली, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा जमीन चर्चकडे असल्याचे दिसून आले. अकराव्या शतकातच लाँ येथील बिशप अडाल्बेरो याने समाजाची प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे अशी त्रिविध विभागणी मांडली आणि ती ईश्वरी योजना ठरवली. योजना ईश्वराची म्हटली की राबणाऱ्याचे बंड हे पाप ठरते. एकाच संस्थेच्या हाती जमीनही आणि पापपुण्याचा निवाडाही, हेच त्या व्यवस्थेचे मर्म होते.

आता हाच प्रश्न घेऊन आपण कावेरीच्या काठी जाऊ. कुंभकोणम्‌च्या पश्चिमेला, स्वामिमलैजवळ, तिरुवलंचुळी नावाचे गाव आहे. नदी येथे उजवीकडे वळते, म्हणून हे नाव. संबंदर आणि अप्पर या शैव संतांनी या क्षेत्राची स्तुती गायली आहे. येथील श्वेत गणपती समुद्राच्या फेसाचा आहे अशी श्रद्धा असून त्याला जलाभिषेक न करता शुद्ध कापराची पूड वाहतात. स्थळपुराण असे सांगते की कावेरी एका विवरात लुप्त झाली, राजा हवालदिल झाला, आणि हेरंड ऋषीने त्या विवरात आत्मार्पण केले तेव्हा ती पुन्हा वर आली.

भाविकाच्या श्रद्धेची टिंगल करणे हे आपले काम नव्हे. परंतु कथेत काय आहे आणि काय नाही, हे पाहणे आपले काम आहे. कावेरीच्या खोऱ्यात पाणी हेच जीवन, आणि ते आटण्याचे भय खरे होते. कथेत राजा आहे, ऋषी आहे, देव आहे. दरवर्षी कालव्यांतला गाळ उपसणारा आणि बांध घालणारा मजूर मात्र त्यात नाही. तो शिलालेखांत सापडतो. चोळकालीन लेखांत करांच्या यादीत ‘वेट्टि’ हा शब्द वारंवार येतो. सक्तीच्या, बिनमोल श्रमाचे हे नाव मराठी कानाला परके वाटणार नाही. आपण त्याला वेठ म्हणतो.

तिरुवलंचुळीच्या भिंतींवरही चोळांचे लेख आहेत. पहिल्या राजराजाची (९८५ ते १०१४) राणी दंतिशक्तिविटंकी ऊर्फ लोकमहादेवी हिने येथे क्षेत्रपालाचे देवालय बांधले. राजघराण्यातील स्त्रियांनी मंदिरे बांधणे आणि त्यांना सोने व जमीन देणे, हा त्या काळच्या राजनीतीचाच भाग होता. दान बहुधा जमिनीवरील राजभागाचे असे. जो हिस्सा राजा घेई तो आता देव घेई. कसणाऱ्याच्या अंगणातून धान्य जायचे ते जातच राहिले. फक्त ते नेणाऱ्याला आता देवत्वाचे अधिष्ठान मिळाले.

राजराजाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेले तंजावरचे बृहदीश्वर मंदिर या व्यवस्थेचे शिखर होय. चेर आणि पांड्य राजांचा पराभव करून आणलेली लूट देवाला वाहिल्याचे त्याचे लेख अभिमानाने सांगतात. देवाच्या भांडाराने ग्रामसभांना सोने कर्जाऊ दिले आणि त्यावर सालीना साडेबारा टक्के व्याज लावले. निरनिराळ्या मंदिरांतून चारशे स्त्रिया आणून मंदिराभोवती वसविल्या. प्रत्येकीस एक घर आणि वर्षाला शंभर कलम भात. गावांच्या करमाफ जागांच्या नोंदीत देऊळ, तलाव आणि स्मशान यांच्यासोबत ‘परैच्चेरी’, म्हणजे अस्पृश्यांची वेगळी वस्तीही आहे. हजार वर्षांपूर्वीच गावाची ही वाटणी दप्तरात पक्की झाली होती. पुढे १२०१ साली, महागाईच्या दिवसांत, तंजावर भागातील तिरुप्पांबुरम येथे एका वेल्लाळाने स्वतःला आणि आपल्या दोन मुलींना एकशे दहा कासूंना देवळास विकले. भूक ज्याच्या दारात आली, त्याचा खरेदीदार देव होता.

तर मग, युरोपातील चर्च आणि चोळ देशातील देऊळ एकच मानावे काय? नाही. येथे पोप नव्हता, सर्व मंदिरांना एका सूत्रात बांधणारी संघटना नव्हती. युरोपातील भूदास जमीनदाराच्या जमिनीशी बांधलेला होता. येथे श्रमिकाला जन्मानेच जातीशी बांधले होते, आणि त्यासाठी वेगळ्या करारपत्राची गरज नव्हती. दा. ध. कोसंबी यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात वरून आलेली आणि खालून वाढलेली सरंजामशाही असा भेद केला. रामशरण शर्मा यांनी १९६५ मध्ये भूमिदानांच्या आधारे आपले प्रतिपादन केले. हरबंस मुखिया यांनी १९७९ मध्ये भारतात सरंजामशाही होती काय, असा मुळालाच प्रश्न घातला. हा वाद उपयुक्त आहे, कारण बाहेरचा साचा आणून येथे बसवणे म्हणजे मार्क्सवाद नव्हे. अधिशेष कोण निर्माण करतो, तो कोणत्या मार्गाने वर जातो आणि त्याचे समर्थन कोणत्या भाषेत होते, हे तीन प्रश्न मात्र दोन्हीकडे विचारावेच लागतात.

प्रतिकाराचेही तसेच. युरोपात १३८१ साली जॉन बॉल हा पाद्रीच इंग्लंडच्या शेतकऱ्यांबरोबर उभा राहिला. १५२५ मध्ये थॉमस म्युन्ट्सरने बायबलच्याच आधारे जर्मन शेतकऱ्यांना उठाव करण्याचे आवाहन केले. धर्माच्या भाषेतला हा वर्गसंघर्ष एंगल्सने १८५० मध्ये उलगडून दाखवला. तमिळ देशात नंदनाराची कथा आहे. हा परैयर भक्त चिदंबरमच्या देवळात गेला तो अग्नीतून. बाराव्या शतकातील ‘पेरियपुराणा’त त्याला छळणारा जमीनमालक नाही, तो एकोणिसाव्या शतकात गोपाळकृष्ण भारतींच्या ‘नंदनार चरित्रा’त येतो. पुराणाने झाकलेले शेतमालकाचे नाते पुढच्या काळाला दिसू लागले होते. आणि आपला चोखोबा? मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या बांधकामावर वेठीने राबताना, भिंत कोसळून १३३८ मध्ये त्याचा अंत झाला, असे परंपरा सांगते. त्याची समाधी पंढरीच्या महाद्वारी, पायरीशी आहे. आत नव्हे.

मराठी माणसाने हा इतिहास परका मानू नये. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली, भोसल्यांच्या वंशाचे चरित्र त्याच बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरले गेले. १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले. तरीही ८८ मंदिरांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडे राहिले. राजे बदलले, देवाच्या नावाची जमीन टिकली.

तंजावरच्या शेतमजुराला चाबकाचे फटके आणि शेणपाणी पाजण्याची शिक्षा विसाव्या शतकापर्यंत भोगावी लागली. बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी बांधलेल्या लाल बावट्याच्या संघटनेने ती थांबवली, आणि १९५२ मध्ये कुळे व सालदार यांना संरक्षण देणारा कायदा आला. याची किंमत जबर होती. मजुरीत अर्धे माप भात वाढवून मागणाऱ्या कीळवेण्मणीत २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री झोपडीत कोंडलेली ४४ दलित माणसे जाळली गेली. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने जमीनदार आरोपींना निर्दोष सोडले.

तमिळनाडूत आज सुमारे पावणेपाच लाख एकर जमीन देवस्थानांच्या नावे आहे. महाराष्ट्रातही देवस्थान इनामाचा प्रश्न सुटलेला नाही. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत तो होता. या जमिनी धनदांडग्यांनी गिळू नयेत, हे खरेच. पण पिढ्यान्‌पिढ्या ती कसणाऱ्याला ‘अतिक्रमक’ ठरवून हाकलणे म्हणजे देवाचे रक्षण नव्हे. देवाच्या पूजेला कोणाची हरकत नाही. सातबाऱ्यावर देवाचे नाव आणि कसणाऱ्याच्या हाती केव्हाही हिसकावता येणारा खंडपट्टा, एवढीच वाटणी मध्ययुगाने आपल्याला दिली आहे. ती बदलायची असेल तर देवळाच्या भिंतीवरील लेख आणि तलाठ्याच्या दप्तरातील नोंद, दोन्ही वाचायला आपण शिकले पाहिजे.