नाव भरली, हे कोण म्हणणार?

(शेतमजूर बायांच्या गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



मला विषय दिला आहे 'कामाच्या ठिकाणची सुरक्षितता'. हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे कारखाना येतो, यंत्रं येतात. मी मात्र आज तुम्हाला नदीवर नेणार आहे.

२३ जानेवारी २०२४. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातलं गणपूर. तिथल्या बाया सकाळी वैनगंगा ओलांडून पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघाल्या होत्या. नाव उलटली. सहा जणी बुडाल्या. आपण बातमी वाचली, हळहळलो आणि 'नदीनं घात केला' म्हणून मोकळ्या झालो. पण त्या बाया सहलीला निघाल्या नव्हत्या, कामाला निघाल्या होत्या. त्यांच्यासाठी नाव हीसुद्धा कामाचीच जागा होती. मग तिथल्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची? हा प्रश्न आपण विचारला का?

मी स्वतः फार उशिरा विचारला. तेच आज सांगते.

मी काम करते ते गाव वेगळं आहे, नदीही वेगळी. एमएसडब्ल्यू करून नवी नवी गेले होते. बाया रोज डोंग्यातून पलीकडे जातात हे पाहिलं आणि हौसेनं चित्रांचे तक्ते तयार केले. नावेत उभं राहू नये, गर्दी करू नये, वगैरे. बायांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक वयस्क बाई म्हणाली, "बाई, हे तक्ते मुकादमाले दाखवा. डोंगा भरला हे आमाले दिसत नाही का? पन पयल्या खेपेत गेलो नाही तं तोडाई कमी होते. पैसे किलोवर भेटते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर निघाले. मुकादम काठावरून ओरडत होता, "बसा, बसा, होते!" डोंग्याचा काठ पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर राहिला होता. मला ते दिसत होतं. पण मी बोलले नाही. शहरातली बाई घाबरली असं म्हणतील याची लाज वाटली. मी गप्प बसले आणि सगळ्यांबरोबर पार झाले. पार झाले ती माझ्या पदवीमुळे नाही. त्या दिवशी वारा नव्हता, एवढंच.

शिकलेली, पगारी कार्यकर्ती बोलू शकली नाही, तर जिची त्या दिवसाची चूल त्या मजुरीवर आहे ती कशी बोलेल? म्हणून मला वाटतं की नियम माहीत असणं पुरेसं नाही. 'नाव भरली, आता नको' हे वाक्य बाईला मजुरी न गमावता म्हणता आलं पाहिजे.

पुढे आम्ही गटाच्या बैठकीत गावातल्या एका म्हाताऱ्या नावाड्याला बोलावलं. त्यानं जे समजावलं ते माझ्या तक्त्यांत नव्हतं. भार वाढला की काठ पाण्याजवळ येतो, मग लहानशी लाटही आत शिरते. आत आलेलं पाणी एका जागी थांबत नाही. नाव ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावतं आणि तिला आणखी कलवतं. कुणी उभं राहिलं की भार वर चढतो, आणि एकीला सावरायला चौघी एकाच बाजूला झुकल्या की संपलं. परतीच्या खेपेला तर मिरचीची पोतीही असतात. ती मोजत कुणीच नाही.

त्या बैठकीतून आमचे नियम तयार झाले. लिहून घ्यायचे तर घ्या.

एक. शांत पाण्यात, सगळ्या बसल्यावर, एक वीत काठ कोरडा राहील अशी लाल रेघ डोंग्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरून मारायची. रेघ बुडाली की शेवटी चढलेलीनं उतरायचं. हे भांडण नाही, रेघेचा हुकूम आहे.

दोन. एक पोतं म्हणजे एक बाई, असं धरून मोजायचं. रोज वेगळ्या बाईनं मोठ्यानं मोजणी करायची आणि नावांची चिठ्ठी काठावरच्या माणसाकडे ठेवायची.

तीन. एकेकीनं चढायचं, तळाशी बसायचं, डबे-विळे मध्ये ठेवायचे. पदर खोचायचा. मूल ओट्यात बांधायचं नाही, हातात धरायचं.

चार. लाइफ जॅकेट असेल तर पदराच्या वरून घालायचं आणि बंद पक्के बांधायचे. उशाखाली ठेवलेलं जॅकेट जीव वाचवत नाही. डोंग्यात पाणी उपसायला डबा आणि लांब दोरीला बांधलेला, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन हवाच.

पाच. वारा सुटला, धुकं असलं, अंधार पडला तर खेप बंद. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्या बोटीत गर्दी नव्हती.

सहा. उलटलीच, तर लाकडी डोंगा तरंगतो. त्याला धरून राहायचं, काठाकडे धाव घ्यायची नाही.

यावर एक तरुण मुलगी म्हणाली, "आमच्या भावांना पोहता येतं, आम्हाला का नाही?" सगळ्या गप्प झाल्या. लहानपणी सगळ्याच नदीत डुंबतात. मुलगी शहाणी झाली की तिची नदी बंद होते, पाणी भरण्यापुरती आणि धुण्यापुरती उरते. पुढे त्याच नदीवरून तिला कामाला मात्र पाठवतात. पोहायला शिकणं हीसुद्धा आपली मागणी असायला हवी.

आता पैशाचं. नावाडी माणशी भाडं घेतो, म्हणून त्याला जास्त माणसं हवी असतात. तोही गरीबच, त्याला खलनायक करू नका. आम्ही भाडं खेपेवर ठरवलं, आणि ते मालकानं द्यावं असं म्हटलं. दुसरी मागणी, दुसरी खेप पोचल्याशिवाय तोडाई सुरू करायची नाही. मुकादम हसला. मग एका सकाळी सगळ्याच बाया काठावर बसून राहिल्या. दोन दिवसांची मजुरी बुडाली, घरी बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खेपेची अट मान्य झाली. भाड्याची अजून नाही.

कायदा काय म्हणतो? १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटींना नोंदणी, तपासणी, प्रवाशांची मर्यादा, जीवरक्षक साधनं हे सारं त्यात आहे. हातानं वल्हवायच्या नावांसाठीही वेगळं प्रकरण आहे आणि ते काम राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवू शकतं. म्हणून ग्रामसभेत हा विषय मांडता येतो, मांडायलाच हवा. पण कागदावर भागत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर आदळली, १५ जीव गेले. 'नीलकमल'वर ८४ प्रवाशांची परवानगी होती आणि माणसं शंभरावर होती. धक्क्यावर मोजलं कुणी?

आणि भरपाई? पोरबंदरजवळच्या मिठागरातले मजूर १९५२ साली घरी परतताना नाव उलटून बुडाले. बाई वालू राजा यांच्या त्या दाव्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की ती सार्वजनिक नाव होती, मालक जबाबदार नाही. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये, मराठवाड्यातल्या साखर कारखान्याच्या एका रखवालदाराच्या कुटुंबाच्या दाव्यात, त्याच न्यायालयानं सांगितलं की कामावर जाता-येता झालेल्या अपघाताचा वेळ, जागा आणि परिस्थितीनं कामाशी संबंध दिसला, तर तो कामाच्या ओघातलाच अपघात धरता येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशी तरतूद आहे. पण शेतमजूर बाईला हे दार आपोआप उघडत नाही. तिची हजेरी कुठंच लागत नाही. ती कुणाकडे कामाला होती हेच सिद्ध करता येत नाही. म्हणून ती नावांची चिठ्ठी जपून ठेवा. त्यावर तारीख घाला, शेत कुणाचं ते लिहा, मुकादमाचं नाव लिहा. जीव वाचवायला ती लागतेच, हक्क मागायलाही लागेल.

शेवटी एवढंच. परवा मी त्या डोंग्यात पुन्हा बसायला गेले. मोजणी करणारी मुलगी मला म्हणाली, "ताई, रेघ बुडाली. तुम्ही दुसऱ्या खेपेला या."

मी उतरले. इतक्या वर्षांत माझ्या कामाची याहून चांगली पावती मला मिळालेली नाही.