गर्भवतीचे रक्त आणि घरचे डॉक्टर

शनिवार पेठेतील वाड्यांतून घरच्या डॉक्टरांना वडीलधाऱ्यांचा मान असे. आजही गर्भवतीच्या शंका बहुधा प्रथम त्यांच्याच कानी जातात. म्हणून थॅलेसेमियाची चौकशीही तेथूनच व्हावयास हवी. सौम्य रक्तक्षय दिसला की लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि वाहक स्त्री अज्ञातच राहते. त्यासाठी हिमोग्लोबिन ए-२ मोजावे लागते. ती वाहक निघाल्यास पतीचेही रक्त त्वरित तपासावे. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत थॅलेसेमिया मेजरची शक्यता २५ टक्के. अशा बालकास बहुधा जन्मभर रक्त द्यावे लागते. १९९४ च्या कायद्याची बंदी गर्भलिंग सांगण्यास आहे, या निदानास नव्हे. पुढील निर्णय दांपत्याचा. अहिंसा मानणाऱ्या घरात तो फार जड. डॉक्टरांनी तो लादू नये, पण माहितीही दडवू नये. अकराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी होऊ शकते. पाचव्या महिन्यात कळले, तर विचारास अवधी कमी उरतो.