फराहबाग, चुन्याची नक्षी आणि भिंतीवरचं माझं नाव

आज आपल्या नगरची गोष्ट, आणि शेवटी एक कबुली.

शहराच्या आग्नेयेला फराहबाग आहे. कोरड्या तळ्याच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी महाल. नियामतखानाने बांधलेला पहिला महाल मुर्तझा निजामशहाला आवडला नाही, म्हणून तो पाडून टाकला. मग सलाबतखानाने नवा बांधला आणि १५८३ मध्ये काम पुरं झालं. हा तोच सलाबतखान, ज्याच्या कबरीला आपण 'चांदबिबी महाल' म्हणतो!

आता दमडी मशीद आठवा. तिथली नक्षी दगडात कोरलेली आहे. फराहबागेत मात्र आतला दगड ओबडधोबड आणि वरून चुन्याचा गिलावा. कमानींवरची नक्षी आहे ती या चुन्यात. हीच कला नवव्या शतकात इराकमधल्या समाराच्या महालांत होती, पुढे स्पेनच्या अलहंब्रातही दिसते.

हे करायचे कसे? चुनखडी भाजायची, पाण्यात विरवायची, वाळू घालून घाणीत मळायची. आपल्याकडे त्यात गूळ, हिरडा, बेलफळ असं काहीबाही घालायचे. थर ओला असतानाच कारागीर कोरून घेणार. दगडावर छिन्नी महिनोन्महिने चालवता येते, इथे हातात थोडाच वेळ. नंतर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू परत दगड होतो. आपला 'गच्ची' हा शब्दसुद्धा 'गच' म्हणजे चुन्याच्या पक्क्या गिलाव्यावरूनच आला.

आता कबुली. बारावीत असताना मित्रांसोबत तिथे गेलो होतो. खिशात किल्ली होती. भिंतीवर मी माझं नाव कोरलं. आजूबाजूला अशी शेकडो नावं होती, म्हटलं, एकाने काय फरक पडतो?

फरक पडतो. वरचा घट्ट थर एकदा फुटला, की त्या चरेतून पाणी आत शिरतं आणि गिलावा सुटायला लागतो. बरं, सिमेंटने बुजवावं तर सिमेंट ओल आतच कोंडून ठेवतं, शेजारचा जुना चुनाही निघतो. दुरुस्ती चुन्यानेच करावी लागते, आणि ते जाणणारे हात आता कमी उरलेत.

मी कोड लिहितो. चुकलं तर कालचं व्हर्जन परत आणतो. त्या भिंतीचं कालचं व्हर्जन कुठेच सेव्ह नाही.

तेव्हा जा, बघा, फोटो काढा. किल्ली मात्र खिशातच राहू द्या. भेटू पुढच्या भागात!