मेमरी कार्ड बिघडल्यास घाई नको



गारपिटीनंतर काढलेले बागेचे फोटो, आडतीच्या पट्ट्या, कर्जाचे कागद हे सारे आपण आज मोबाईलमधील नखाएवढ्या मेमरी कार्डात ठेवतो. एके दिवशी पडद्यावर सूचना येते, ‘कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा.’ तेथे ‘होय’ दाबू नये. फॉरमॅट केल्याने फायलींची यादीच पुसली जाते.

प्रथम फोन बंद करून कार्ड काढावे. सोनेरी पट्ट्यांवर धूळ किंवा तेलकट डाग असल्यास कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा बसवावे. तरीही न दिसल्यास दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहावे. तेथे चालले तर दोष तुमच्या फोनच्या खाचेत आहे. मात्र कार्ड फोनचे अंतर्गत स्टोरेज म्हणून जोडलेले असेल, तर ते दुसरीकडे वाचता येणारच नाही.

दोन्हीकडे न चालल्यास कार्ड रीडरने संगणकाला जोडावे. फायली दिसल्या तर आधी उतरवून घ्याव्यात, दुरुस्ती नंतर. न दिसल्यास ‘फोटोरेक’ हा मोफत प्रोग्रॅम बरेचदा फोटो परत काढतो. ते संगणकावरच साठवावेत. तोवर त्या कार्डावर नवा फोटो घेऊ नये, कारण नवी नोंद जुन्या नोंदीवर बसते.

पुसलेले फोटो पुन्हा पुन्हा दिसू लागले तर कार्डाचे आयुष्य बहुधा संपले, असे समजा. बाजारात ६४ जीबी छापलेली, पण प्रत्यक्षात फार कमी क्षमतेची बनावट कार्डेही असतात. ती आरंभी उत्तम चालतात आणि भरल्यावर फोटो गिळतात. बियाण्याच्या पिशवीसारखीच येथेही पावती घ्यावी. पंचनाम्याचे फोटो तर त्याच दिवशी घरातील दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवावेत.